पडीक शेत, हिरवा डोंगर

देवगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीपासून एक आवाज कानावर पडू लागतो. मोहरलेल्या कलमांमधून कुणीतरी पत्र्याचा डबा बडवतं, लांबलचक आरोळी ठोकतं, गलोलीतून सुटलेला खडा पानांवर आपटतो आणि वानरांची टोळी शेजारच्या बागेत उडी घेते. मग तिथला डबा वाजायला लागतो. हा डबा बडवणारा माणूस बहुधा नेपाळी असतो. दसरा-दिवाळी, म्हणजे त्यांचं दशैं आणि तिहार, घरी करून तो येतो, पुष्कळदा बायकापोरांसह येतो. बागेतल्याच खोपीत राहतो, गवत काढतो, फवारणीच्या वेळी पाइप ओढतो, रात्रीची राखण करतो, मार्चपासून झेला घेऊन आंबे उतरवतो आणि मृगाच्या सुमारास परत जातो. नेपाळी मिळाला नाही तर हंगाम कसा काढायचा, हा प्रश्न आता कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला पडतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी बोटींवरच्या खलाशांचंही तेच.

गंमत अशी की नेपाळच्या डोंगरी गावांत सध्या सगळ्यात जास्त तक्रार कशाची असेल, तर माकडांची. मका हाती लागत नाही, बटाटे उकरून नेतात, राखणीला माणूस नाही. निवडणुकीत उमेदवाराला लोक माकडांचं काय करणार म्हणून विचारतात. राखण करणारी माणसं आखातात, मलेशियात नाहीतर भारतात गेलेली. म्हणजे इकडे दुसऱ्याच्या बागेतली वानरं हाकायला पगार मिळतो आणि तिकडे स्वतःचं शेत माकडांना सोडून द्यावं लागतं. माणसं देश सोडून जातात तेव्हा त्यांच्या मागे जमिनीचं काय होतं आणि पैशाचं काय होतं, हे बघायला नेपाळसारखं दुसरं ठिकाण मिळणं अवघड आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात सुमारे ३० कोटी ४० लाख माणसं जन्मदेशाबाहेर राहत होती. १९९० मध्ये ही संख्या १५ कोटींच्या आसपास होती. आकडा दुप्पट झाला हे खरं, पण जगाच्या लोकसंख्येशी त्याचं प्रमाण आजही पावणेचार टक्क्यांच्या आतच आहे. शंभरातली ९६ माणसं आपापल्या देशातच आहेत. ‘जग लोटलंय’ असं वाटतं ते उरलेली चार माणसं काही ठरावीक जागांहून निघतात आणि काही ठरावीक जागीच पोहोचतात म्हणून. निघण्याच्या जागांमध्ये नेपाळचा नंबर फार वरचा. २०२१ च्या जनगणनेत सुमारे २ कोटी ९२ लाखांच्या या देशातले जवळजवळ २२ लाख लोक परदेशी असल्याची नोंद झाली. त्यातले पाचांतले चारहून अधिक पुरुष. ७७ पैकी तीसहून जास्त जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत घटली, आणि त्यात बहुतेक डोंगरी जिल्हे आहेत. पोरं नाहीत म्हणून शाळा एकमेकींत मिसळाव्या लागताहेत.

बाहेर जाण्याची ही रीत नवी नाही. नेपाळीत परदेशी कमावायला गेलेल्या माणसाला ‘लाहुरे’ म्हणतात. हा शब्द लाहोरवरून आला, कारण नेपाळचे डोंगरी जवान एके काळी रणजितसिंहाच्या फौजेत चाकरी करायला लाहोरला जात. १८१५ पासून इंग्रजांनी गुरख्यांची भरती सुरू केली. लाहोर मागे पडलं, शब्द राहिला. आपल्याकडचा ‘चाकरमानी’ आणि तिकडचा ‘लाहुरे’ हे अगदी सख्खे शब्द आहेत. दोन्हींत चाकरी आहे, दोन्हींत गावची वाट बघणंही आहे. १९५० च्या भारत-नेपाळ करारानं सीमा मोकळी ठेवली, त्यामुळे भारतात यायला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. १९८५ च्या परदेशी रोजगार कायद्यानं लांबच्या देशांची वाट उघडली. १९९६ ते २००६ या माओवादी संघर्षाच्या दहा वर्षांत गावात राहणंच जिवावर बेतू लागलं. एका बाजूनं माओवाद्यांची भरती, दुसऱ्या बाजूनं फौजेचा संशय. तेव्हा जो लोंढा सुरू झाला तो शांतता करार होऊनही थांबला नाही. हल्ली नेपाळ सरकार वर्षाला नव्या-जुन्या धरून सात लाखांहून अधिक श्रम परवाने देतं.

आता पैसा. २०२३-२४ या आर्थिक वर्षात परदेशी गेलेल्यांनी नेपाळात १,४४५ अब्ज नेपाळी रुपये पाठवले. त्याच वर्षी नेपाळची निर्यात होती १५२ अब्जांची. म्हणजे देशातला सगळा गालिचा, चहा, वेलची आणि तेल विकून जे येतं, त्याच्या नऊपटीहून अधिक पैसा माणसांच्या घामातून आला. देशाच्या एकूण उत्पन्नाशी ताडून पाहिलं तर हा वाटा पाव हिश्श्याच्या घरात जातो. १९९५-९६ च्या पाहणीत शंभरातल्या २३ घरांना बाहेरून, म्हणजे परदेशातून किंवा देशातल्याच दुसऱ्या गावाहून, पैसा येत होता. २०२२-२३ च्या पाहणीत ७७ घरांना. या मधल्या वर्षांतला अर्ध्याहून अधिक काळ युद्ध, भूकंप, नाकेबंदी आणि सरकारांची उलथापालथ यांत गेला असतानाही दारिद्र्य झपाट्यानं घटलं, ते मुख्यतः या पैशामुळे. या पैशाला नाकं मुरडणाऱ्या अर्थतज्ज्ञांना एवढं तरी मान्य करावं लागतं. पत्र्याचं छप्पर, पोराची बोर्डिंग शाळा, सासऱ्याचं ऑपरेशन, बायकोच्या नावानं बँकेत खातं, हे सगळं त्यातून झालं.

पण पैसा कसा खर्च होतो ते जवळून बघायला हवं. जाणाऱ्याला आधी दलालाचे पैसे भरावे लागतात. भरती करणाऱ्या कंपनीला तिकडे सरळ ‘म्यानपावर’ म्हणतात. हे पैसे गावातल्या सावकाराकडून उचलायचे, व्याज महिन्याला शेकडा तीन. वर्षाचे झाले छत्तीस टक्के. पहिल्या वर्षा-दीड वर्षाची कमाई या कर्जातच जाते. कर्ज फिटलं की घर, आणि घर शक्यतो डोंगरावर बांधायचं नाही. हमरस्त्यालगतच्या बाजारात किंवा खाली तराईच्या सपाटीवर प्लॉट घ्यायचा, बायकापोरांना तिथे आणायचं. वरची शेती वाट्यानं द्यायची, घेणारा मिळाला नाही तर तशीच टाकायची. तो मिळत नाही, कारण घेणाराही कतारला.

इथे डोंगराची गोष्ट सुरू होते.

१९७० च्या दशकात नेपाळचे डोंगर हे जगभर पर्यावरणाच्या विनाशाचं ठरलेलं उदाहरण होतं. एरिक एकहोम या अमेरिकी लेखकाचं ‘लूझिंग ग्राउंड’ हे पुस्तक १९७६ मध्ये आलं आणि सगळ्यांनी तेच सूत्र उचललं: लोकसंख्या वाढतेय, लोक सरपणासाठी जंगल तोडताहेत, उतारावर शेतं काढताहेत, माती वाहून जातेय, आणि खाली गंगेच्या खोऱ्यात पूर येताहेत. काही वर्षांत डोंगर बोडके होणार, असंच सगळे धरून चालले होते. १९८९ मध्ये जॅक आइव्ह्ज आणि ब्रुनो मेसर्ली या भूगोल-अभ्यासकांनी या सूत्रातली भोकं दाखवून दिली, पण तोवर ते सरकारी कागदांत घट्ट बसलं होतं.

झालं उलटंच. अमेरिकेतल्या ईस्ट-वेस्ट सेंटरचे जेफरसन फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नेपाळचं जंगल मोजलं. १९९२ मध्ये देशाच्या २६ टक्के भूभागावर जंगल होतं, २०१६ मध्ये ४५ टक्क्यांवर. चोवीस वर्षांत जवळजवळ दुप्पट. नेपाळ सरकारच्या मोजणीत वाढ इतकी डोळ्यांत भरणारी नाही. १९९४ ला जंगल आणि झुडपं मिळून ३९.६ टक्के होती, २०१५ च्या अहवालात ४४.७. कशाला जंगल म्हणायचं यावर बरंच अवलंबून असतं. पण कुठल्याही फूटपट्टीनं मोजलं तरी डोंगर बोडके झाले नाहीत, दाट झाले.

याचं श्रेय सहसा सामुदायिक वनांना देतात, आणि ते रास्त आहे. १९५७ मध्ये नेपाळनं खासगी जंगलं सरकारजमा केली होती. आपलं राहिलं नाही म्हटल्यावर लोकांनी ते ओरबाडलं. १९९३ च्या वन कायद्यानं जंगल गावातल्या उपभोक्ता समित्यांच्या ताब्यात दिलं. आज अशा २२ हजारांहून जास्त समित्या आहेत. गवत कधी कापायचं, सुकलेलं लाकूड कुणी किती न्यायचं, चोरी केली तर दंड किती, हे गाव ठरवतं. आशियात इतकं यशस्वी लोक-वनव्यवस्थापन क्वचितच कुठे झालं असेल. पण ही अर्धीच गोष्ट. नियम पाळणं सोपं गेलं, कारण नियम मोडायला गावात माणूसच कमी उरला. घरातला जवान माणूस गेला की म्हशी कमी होतात, म्हशी कमी झाल्या की चाऱ्यासाठी झाडाच्या फांद्या छाटायच्या थांबतात. पैसा आला की गॅसचा सिलिंडर येतो आणि सरपणाची मोळी सुटते. उतारावरची वरची खाचरं पडीक पडली की तीन-चार पावसाळ्यांत त्यांत उत्तीस उगवतं. हे तिकडचं आल्डर झाड, मोकळ्या जमिनीवर सगळ्यात आधी हजर होणारं. दहा-बारा वर्षांत तिथे आधी शेत होतं हे बांधांवरूनच ओळखायचं.

सिलिंडरचा हिस्सा किती मोठा आहे ते २०१५ च्या शरद ऋतूत कळलं. नव्या राज्यघटनेवरून तराईत आंदोलन पेटलं, भारताच्या सीमेवरून येणारी वाहतूक महिनोन्‌महिने खोळंबली, गॅस आणि पेट्रोल संपलं. तेव्हा काठमांडूत सरकारी महामंडळानं रीतसर वजन करून सरपण विकायला काढलं. डोंगरांवर पुन्हा कुऱ्हाडी चालल्या. नेपाळच्या झाडांची सावली आखाती पैशावर आणि भारतातून येणाऱ्या टँकरवर किती टेकलेली आहे, हे तेव्हा उघड दिसलं.

हिरवळ म्हटली की आपण खूश होतो, पण कुठली हिरवळ हे कुणी विचारत नाही. पडीक शेतांत उत्तिसाच्या जोडीनं बनमारा माजते. नावातच आलं, बनाला मारणारी. मेक्सिकोहून आलेली ही झुडूपवजा वनस्पती गुरं खात नाहीत आणि ती खाली दुसरं काही उगवू देत नाही. कोकणात आपण जिला रानमोडी म्हणतो ती हिची चुलत बहीण. तीही परदेशीच, तीही पडीक वरकस जमिनींवरच फोफावते. दोन भाषांतल्या शेतकऱ्यांनी एकमेकांना न विचारता जवळजवळ एकच नाव द्यावं, यावरून तिच्या गुणांची कल्पना यावी. वापर नसलेल्या जंगलात पालापाचोळ्याचे थर साचतात. पूर्वी हा पाला बायका गोठ्यात अंथरायला वेचून न्यायच्या, त्याचं खत व्हायचं. आता तो तिथेच वाळतो आणि कोरड्या हिवाळ्यानंतर पेटतो. २०२१ च्या मार्चमध्ये वणव्यांच्या धुरानं हवा इतकी खराब झाली की नेपाळात चार दिवस शाळा बंद ठेवाव्या लागल्या. जंगल गावाला भिडल्यावर माकडं आली, त्यांच्या मागोमाग बिबटे. माकडांमुळे आणखी शेतं पडीक पडली. कारण आणि परिणाम यांत आता फरक करता येत नाही.

पाण्याचं तर आणखी चमत्कारिक आहे. डोंगरउतारांवरचे झरे आटताहेत, काही वाड्या त्यामुळेच उठल्या. पाऊस बदलला, डोजर लावून वेडेवाकडे रस्ते कापले (याला नेपाळीत ‘डोजरे विकास’ असा खास शब्दच आहे), ही कारणं आहेतच. पण जाणकार आणखी एक सांगतात: म्हशी गेल्या. म्हशींना डुंबायला गावाच्या वरच्या अंगाला डबकी राखलेली असत. पावसाळ्यात त्यांत पाणी साचे, मुरे, आणि खालच्या झऱ्याला येई. म्हशी नाहीत तर डबकं कोण राखणार? खाचरांचे बांध ढासळले की तेच. कुणी डागडुजी केली नाही तर पहिल्या जोराच्या पावसात एक बांध सुटतो आणि खालचे चार घेऊन जातो.

आणि वरून उतरलेला भार खाली कुठे गेला? प्लॉटवर. काँक्रीटच्या घराला वीट लागते, वाळू लागते, गिट्टी लागते. काठमांडूच्या खोऱ्यात हिवाळ्यात धूर ओकणाऱ्या वीटभट्ट्यांवर राबतात नेपाळच्याच रोल्पा-रुकुमकडची कुटुंबं आणि बिहार-उत्तर प्रदेशातले मजूर. नेपाळी गेला कतारला, त्याच्या घराच्या विटा पाडायला आला बिहारी. वाळू आणि दगड येतात ते चुरे डोंगररांगांमधून. हिमालयाच्या पायथ्याची ही सगळ्यात कोवळी आणि ठिसूळ रांग. तिथल्या नद्यांची पात्रं उपसून खोल झाली आणि त्यांच्या काठच्या तराईतल्या विहिरींचं पाणी खाली गेलं. मे २०२१ च्या अर्थसंकल्पात तर सरकारनं व्यापारतूट भरून काढायला दगड-वाळू निर्यात करायचं जाहीर केलं. सर्वोच्च न्यायालयानं ते रोखलं म्हणून बरं. तूट कशाची? परदेशी पैशावर मागवलेल्या मोटारसायकलींची, मोबाइलची, आणि तांदळाची. एके काळी तांदूळ निर्यात करणारा हा देश आज भारताच्या तांदळावर जेवतो. जुलै २०२३ मध्ये भारतानं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा नेपाळला खास विनंती करावी लागली. ऑक्टोबरात ९५ हजार टन मंजूर झाले. म्हणून उपग्रहाच्या एका छायाचित्रावरून ‘स्थलांतरानं निसर्ग सावरला’ म्हणणारे लेख वाचले की मला चीड येते. डोंगर हलका झाला, एवढंच म्हणता येईल. ओझं उतरलं ते चुरेच्या नदीत आणि पंजाब-हरियाणाच्या भातशेतीत, भूजल उपसून.

त्यातलं सगळ्यात जड ओझं आखातात आहे. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचं यजमानपद कतारला डिसेंबर २०१० मध्ये मिळालं, आणि पुढची बारा वर्षं स्टेडियमं, मेट्रो, रस्ते, हॉटेलं यांवर नेपाळी मजूर राबले. काठमांडूच्या विमानतळावर एका दारानं रोज शेकडो पोरं टोप्या घालून रांगेत उभी आणि मालाच्या दारानं लाल पेट्या बाहेर. अलीकडच्या वर्षांत परदेशी मरण पावलेल्या नेपाळी कामगारांची संख्या वर्षाला हजाराच्या वर आहे. मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा ‘हृदय बंद पडलं’ किंवा ‘नैसर्गिक’ असं लिहिलेलं असतं. नैसर्गिक म्हटलं की भरपाईचा प्रश्न मिटतो. २०१९ मध्ये ‘कार्डिऑलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात हवामान आणि हृदयविकार अशा दोन्हींच्या अभ्यासकांनी २००९ ते २०१७ मधल्या कतारमधल्या नेपाळी मृत्यूंचा तापमानाशी मेळ घातला. हृदयाच्या कारणानं गेलेल्या ५७१ जणांपैकी २०० पर्यंत माणसं उष्णतेपासून नीट संरक्षण मिळालं असतं तर वाचली असती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वय बहुतेकांचं पंचविशी-तिशीतलं. जे जिवंत परत येतात त्यांतल्या काहींची मूत्रपिंडं निकामी झालेली असतात; दिवसभर उन्हात, पाणी कमी, लघवीला जायला सवड नाही. २०२१ पासून कतारनं १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करायला बंदी केली. नियम चांगला आहे, दहा वर्षं उशिरा आला. तेल जाळून तापलेल्या हवेत तेलाच्या पैशानं उभ्या राहणाऱ्या इमारतीवर हिमालयातला माणूस उष्माघातानं मरतो, आणि त्याच्या गावात त्याच्या शेतावर उत्तिसाचं झाड वाढतं.

कोकणाला हे सगळं ओळखीचं वाटायला हवं. मुंबईच्या मनीऑर्डरीवर चाललेला जिल्हा म्हणून रत्नागिरीची ख्याती जुनी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, आणि दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास ८० हजारांनी घटली होती. वरकस जमिनी पडीक, रानमोडी, वानरं, बंद घरांना कुलपं, गणपतीला चार दिवस गजबज. फरक इतकाच की कोकणात आंब्या-काजूला भाव आहे, म्हणून चाकरमान्यानं सोडलेल्या जागी नेपाळी आणून बाग राखता येते. नेपाळी माणसानं सोडलेल्या जागी आणायला कुणी नाही.

या नेपाळी माणसाची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. कतारला जाणाऱ्याला श्रम परवाना लागतो, त्याचा विमा उतरतो, मेला तर नेपाळच्या कल्याण निधीतून घरच्यांना काहीतरी मिळतं. भारतात येणाऱ्याला परवाना लागत नाही, म्हणून यांतलं काहीच मिळत नाही. श्रम परवान्यांच्या सात लाखांत तो नाही. बागेत कीटकनाशक नाकातोंडात गेलं, झाडावरून पडला, रात्री साप चावला, तर सगळं बागवाल्याच्या मर्जीवर. बागायतदारांनी नेपाळी मजुरांची नावं, फोटो, ओळखपत्रं जमा करावीत असं पोलीस दर हंगामाआधी बजावतात, ते चोरी-मारामारीच्या धास्तीनं. त्याच कागदांची एक प्रत कामगार खात्याकडे गेली, आणि बागेच्या विम्याबरोबर माणसाचाही अपघात विमा उतरवला, तर एका पेटीच्या भावातही तो खर्च दिसणार नाही. बागायतदार संघांनी हे येत्या दसऱ्याआधी करावं. सध्या आपल्याकडे त्याचं नाव नोंदलं जातं ते पोलीस ठाण्याच्या वहीत.